मातीचा गोफणगुंडा : प्रस्तावना

गोफणीने फेकावयाच्या मातीच्या गोळ्या घरच्या घरी कशा वळाव्यात, एवढ्या एकाच विषयाला वाहिलेल्या या पुस्तकाचे हस्तलिखित लेखकांनी माझ्या हाती ठेवले आणि प्रस्तावनेचे चार शब्द लिहून देण्याची गळ घातली, तेव्हा माझ्या मनात प्रथम आलेला विचार, मी कबूल करतो, काहीसा उद्धटपणाचाच होता. सह्याद्रीच्या पूर्वेस ज्या मुलखात नांगराच्या तासातासाला काळ्या फत्तराचा एखादा तुकडा वर येतो, जेथे बांध घालावयाचे ते दगडांचे आणि म्हसोबा मांडावयाचा तोही दगडाचाच, तेथील माणसाला गोफणगुंड्यासाठी माती कालवीत बसण्याची यातायात सांगणे म्हणजे नदीकाठच्या माणसाला आड खणण्याचा उपदेश करण्यासारखे नव्हे काय, असे मला वाटले. हस्तलिखिताचे शेवटचे पान उलटले तेव्हा मात्र हा विचार पार गळून गेला होता, आणि लहानपणी जे करताना मी फसलो होतो ते का फसले, याचा उलगडा पन्नासएक वर्षांनी झाल्याचे समाधान पदरी पडले होते.

गोफण डोळ्यांनी पाहिलेली नाही असे वाचक आता बहुसंख्य असतील, म्हणून तिची ओळख येथेच करून दिलेली बरी. अंबाडीच्या वाखाची, तागाची किंवा जाड सुताची वेणी घालून केलेले दोन दोर, त्यांच्या मधोमध गुंडा बसेल एवढी विणलेली झोळी, एका दोराच्या टोकाला बोट अडकविण्यापुरता फास आणि दुसऱ्या दोराचे टोक मोकळे, एवढाच तिचा संसार. फास बोटात घालावा, मोकळे टोक चिमटीत धरावे, झोळीत गुंडा ठेवून डोक्याभोवती एक-दोन फेरे द्यावेत आणि नेमक्या क्षणी चिमूट सोडावी, म्हणजे आपल्या हाताची लांबी दोरभर वाढून जो वेग नुसत्या हाताला कधी साधला नसता त्या वेगाने गुंडा सुटतो, आणि मोकळ्या टोकाचा चाबकासारखा फटकारा साऱ्या शिवारात ऐकू जातो. पुष्कळदा त्या आवाजानेच पाखरे उठतात व गुंड्याचे काम वाचते.

गोफणीचा खरा हंगाम पौष-माघाचा. रब्बीचा जोंधळा हुरड्यात आला की शेतात चार मेढी रोवून त्यांवर माळा घातला जाई, आणि राखणदार झुंजूमुंजू होण्याच्या सुमारास त्यावर चढून बसे. कारण पाखरांची न्याहारी माणसांच्या न्याहारीच्या आधी असते. चिमण्या, राघू, होले यांचा त्रास रोजचा. परंतु भोरड्यांचा थवा हे त्या ऋतूचे खरे संकट. पाचशे-हजार पक्षी एका देहाप्रमाणे वळत येऊन शेतावर उतरले, म्हणजे कणसांचे काय होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला राखणीच्या कामाचा कंटाळा येत नाही. आमच्या शेतावर राखणीला असणारे वृद्ध गृहस्थ, ज्यांना आम्ही मुले तात्या म्हणत असू, ते आपल्या जवळच्या गोण्यात दोन प्रकारचे गुंडे ठेवीत : एका बाजूला ओढ्यातून वेचून आणलेले गोटे आणि दुसऱ्या बाजूला स्वतः वळलेल्या मातीच्या गोळ्या. गोटे ते बांधापलीकडच्या माळाच्या दिशेने टाकीत आणि मातीच्या गोळ्या पिकात. हा भेद त्यांनी कधी समजावून सांगितला नाही, आणि आम्हीही कधी विचारला नाही.

शब्दाच्या वाटेने मागे गेले तर गोफण फार जुन्या घराण्याची निघते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणी दगडी आयुधांची जी गणना आहे तीत यंत्राने फेकावयाचे, मुठीने फेकावयाचे आणि गोफणीने फेकावयाचे पाषाण असे वेगवेगळे नोंदलेले आहेत. म्हणजे राजाच्या कोठारात गोफणीच्या दगडांचाही हिशेब ठेवला जात असे. याहून मौज अशी की, सुश्रुताने जखमा बांधण्याचे जे चौदा बंध सांगितले आहेत त्यांतील एकाचे नाव गोफणा असे असून तो हनुवटी, नाक, ओठ अशा उंचसखल अवयवांसाठी सांगितला आहे. मधल्या झोळीत हनुवटी आणि दोन्ही बाजूंना वर जाणारे बंद, हे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे नाव का पडले ते वेगळे सांगावे लागत नाही. ज्या वस्तूच्या आकारावरून वैद्याने आपल्या बंधाचे नाव ठेवावे, ती वस्तू त्या काळी घराघरांत परिचयाची असली पाहिजे.

परंतु प्रस्तुत पुस्तकाचा विषय गोफण नसून तिची गोळी आहे, आणि मातीच्या गोळीचा इतिहास पाहण्यास आपल्याला पश्चिमेस, तैग्रिस व युफ्रेतिस या नद्यांच्या खोऱ्यांत जावे लागते. तेथील हस्सूना व हलाफ या नवाश्मयुगीन व त्यालगतच्या काळातील संस्कृतींच्या वसाहतींत दोन्ही टोकांना निमुळत्या, मध्ये फुगीर अशा मातीच्या गोळ्या सापडतात. ईशान्य सिरियातील हमूकार येथे 2005 मध्ये उजेडात आलेला पुरावा तर अंगावर काटा आणणारा आहे. इसवी सनापूर्वी 3500 च्या सुमारास आगीत व हल्ल्यात कोसळलेल्या त्या नगरीच्या ढिगाऱ्यात गोफणीच्या अंडाकृती गोळ्या हजाराहून अधिक आणि मातीचे मोठे गोळे शंभराहून अधिक निघाले. तेथे मालाच्या कोठ्यांवर व दारांवर मातीचे लेप लावून त्यांवर मुद्रा उठविण्याचा शिरस्ता होता. ते वापरून झालेले लेप पाण्यात भिजवून त्याच मातीच्या गोळ्या वळल्या जात होत्या, असे उत्खननकर्त्यांचे अनुमान आहे. दफ्तराची माती बंदोबस्ताच्या कामी लागली, असे आपल्या जुन्या कारकुनी भाषेत म्हणता येईल. वेढ्यात सापडलेल्या त्या लोकांना दगड आणावयास तटाबाहेर जाता येत नव्हते, पण माती मात्र घरात, अंगणात, कोठाराच्या दारावरही होती. तेथे दगडाऐवजी माती का, या माझ्या उद्धट प्रश्नाचे पहिले उत्तर मिळाले.

दुसरे उत्तर रोमन इतिहासात आहे. इसवी सनापूर्वी 54 मध्ये गॉल देशातील नर्व्ही नामक जमातीने क्विंटस किकेरो या रोमन सेनानीच्या हिवाळी छावणीला वेढा घातला, तेव्हा सातव्या दिवशी मोठा वारा सुटलेला पाहून त्यांनी मातीच्या गोळ्या तापवून लाल केल्या आणि गोफणीने छावणीतल्या गवती छपरांवर फेकल्या. छपरे पेटली व वाऱ्याने आग सगळीकडे नेली. हे वर्णन खुद्द सीझरने लिहून ठेवले आहे. गोफणीच्या गोळीला लॅटिनमध्ये असलेला शब्द मूळचा ओक वृक्षाच्या फळाचा आहे, यावरून तिचा आकार कसा असे ते कळते. ग्रीक व रोमन लोक शिशाच्या गोळ्याही ओतीत. ग्रीक लेखक व सेनानी झेनोफन याच्या सैन्यातील ऱ्होड्स बेटाच्या गोफणदारांच्या शिशाच्या गोळ्या इराणी गोफणदारांच्या मूठभर दगडांपेक्षा दुप्पट दूर जात, असे तो सांगतो. त्या गोळ्यांवर सेनापतींची नावे, शत्रूला दिलेल्या शिव्या, क्वचित् नुसते ‘घे’ एवढेच शब्द साच्यातून उठवलेले सापडतात. मात्र शिसे ओतण्यासाठी जो साचा लागतो आणि साच्यातून जो एकसारखेपणा येतो, त्याची पूर्वपीठिका मला मातीच्या गोळीतच दिसते.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. उत्खननात निघालेला मातीचा प्रत्येक गोळा हा गोफणगुंडाच असे धरून चालण्याचा मोह पुष्कळांना होतो. पण तापवून स्वयंपाकासाठी वापरलेले गोळे, वजनासाठी ठेवलेले गोळे, मुलांच्या खेळातले गोळे असे अनेक दावेदार त्या जागेवर हक्क सांगतात, आणि तुर्कस्तानातील चाताल्होयुक येथील गोळ्यांविषयी विद्वानांचा वाद याच कारणाने लांबला. गोळा कोठे, कोणत्या सोबतीत आणि किती संख्येने सापडला, हे पाहिल्याशिवाय निवाडा देऊ नये.

आता मुद्द्याकडे येतो. ओढ्यात शंभर गोटे वेचले तरी त्यांतील दोन एकसारखे नसतात. एक जड, एक हलका, एक चपटा, एक कोनदार अंगाचा. प्रत्येक गोटा गोफणीतून निराळ्या क्षणी सुटतो, निराळा वळतो आणि निराळ्या जागी पडतो, आणि म्हणून गोट्यांनी नेम शिकणाऱ्याला आपली चूक हाताची की दगडाची हे कधीच कळत नाही. मातीची गोळी मात्र वजनाने, आकाराने, पृष्ठभागाने हुबेहूब दुसरीसारखी करता येते. तशा वीस गोळ्या एकामागून एक फेकल्या आणि त्या वीस ठिकाणी पडल्या, तर दोष सर्वस्वी आपला, हे निर्विवाद ठरते, आणि दोष निश्चित झाला की सुधारणेला वाव मिळतो. दगड सापडतो तसा घ्यावा लागतो, गोळी मात्र हवी तशी घडवावी लागते. तेव्हा नेम शेतात साधत असला तरी त्याची तयारी चार दिवस आधी अंगणात झालेली असते, हे या पुस्तकाचे मर्म मी समजतो.

या एकसारखेपणाला पदार्थविज्ञानाचीही साथ आहे. पाण्याच्या तुलनेत शिसे सुमारे सव्वाअकरा पट जड, आपला काळा फत्तर पावणेतीन ते तीन पट, आणि वाळलेली माती दोन पटीच्या आत-बाहेर. एकाच आकाराच्या गोळ्यांना हवा सारखाच विरोध करते, परंतु हलक्या गोळीला तो विरोध अधिक जाणवतो आणि तिचा वेग लौकर उतरतो. तेव्हा मातीची गोळी दगडाइतकी दूर जाणार नाही, हे मान्य करूनच चालावे. हे उणे थोडे भरून काढण्याचा उपाय म्हणजे गोळी दोन्ही टोकांना निमुळती, मोठ्या खारकेच्या आकाराची करणे : ती सुटताना आपल्या अक्षाभोवती फिरली तर तोंड पुढे धरून हवा कापीत जाते. पल्ल्याचे एक प्रमाण सांगावयाचे तर, 1981 साली अमेरिकेतील युटा प्रांतात लॅरी ब्रे यांनी 52 ग्रॅमचा गोटा गोफणीने 437 मीटर दूर फेकला. साडेचार तोळ्यांच्या आतलाच हा गोटा. राखणदाराला या पल्ल्याच्या चौथाईनेही काम भागते, आणि साधारण त्या गोट्याएवढ्याच वजनाची मातीची गोळी लहानशा लिंबाएवढी होते.

आता माती. जुन्या वतनी कागदांत गावाचे दोन भाग नेहमी जोडीने येतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा, जेथे पिढ्यान्‌पिढ्यांच्या भिंती पडून, राख मिसळून माती फिकी व भुरभुरीत झालेली असते. महसुलाच्या कामासाठी केलेला हा भेद गोळ्या वळणाऱ्यालाही तितकाच उपयोगी आहे, हे मला फार उशिरा कळले. मी अकरा-बारा वर्षांचा असताना तात्यांची नक्कल करावी म्हणून शेतातली निव्वळ काळी माती आणून, ती पाण्यात कालवून, चाळीसएक गोळ्या वळल्या. काय सुरेख दिसत होत्या त्या! तुकतुकीत, काळ्याभोर, जणू जांभळेच. पत्र्यावर उन्हात ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तो एकूण एक गोळी पिकलेल्या कापसाच्या बोंडासारखी उकललेली. उन्हाळ्यात ज्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात तिचीच ती माती. पाणी पिऊन ती फुगते आणि पाणी गेले की तितकीच आवळते, हा तिचा स्वभाव गोळीच्या रूपाने बदलणार कसा? मग मी हट्टाने नव्या गोळ्या वळल्या आणि त्या सुकण्याची वाट न पाहता संध्याकाळी चुलीतल्या निखाऱ्यात सारल्या. थोड्याच वेळात आतून फटाफट आवाज येऊ लागले, निखारे उडाले, आणि तव्यावरची भाकरी राखेने माखली. आजी रागावली नाही. “आरं, पोटात पानी हाय तिच्या,” ती म्हणाली, “पानी वाफ व्हतंय, वाफेला वाट नगं व्हय?” वाफेचे यंत्र तिने कधी पाहिले नव्हते, पण ओली हंडी चुलीवर चढवू नये, हे तिला ठाऊक होते.

या पुस्तकात सांगितलेली कृती त्या दोन्ही फजित्यांवरचा उतारा आहे. दोन वाटे काळी, एक वाटा पांढरी आणि एक वाटा नदीची बारीक वाळू, असे मिश्रण लेखकांनी सुचविले आहे. काळीने चिकटपणा येतो, पांढरीने तिचा ताव उतरतो आणि वाळूने आवळणे कमी होते. कुंभार आपल्या मातीत लीद व राख घालतो, हे पाहून कोणी तेच येथे करील. पण हंडीला हलकेपणा व सच्छिद्रता हवी असते आणि गोळीला वजन. म्हणून लीद, भुसा, तूस यांना येथे मज्जाव. माती चाळून, रात्रभर भिजवून, खडे वेचून, भाकरीच्या पिठासारखी मळावी; तिची करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळावी. वळीला भेगा पडल्या तर चिकण माती थोडी अधिक घालावी. वळी बोटाला चिकटून सुटेना तर वाळू.

वजन सारखे करण्यासाठी लेखकांनी सांगितलेली युक्ती मला सर्वांत आवडली. तराजूची गरज नाही. वेळूचे एक पेर दोन्हीकडून उघडे कापावे, त्यात माती ठासून भरावी, दोन्ही तोंडे सुरीने सपाट करावीत आणि काठीने ढकलून बाहेर काढावी. जेवढ्या वेळा हे कराल तेवढ्या वेळा तेवढीच माती. जुन्या काळी धान्य मापण्यास शेर-मापटे होते, तसेच हे गोळीचे मापटे. वाळताना मातीचे वजन चौथा-पाचवा हिस्सा उतरते, तेव्हा सुकी गोळी साडेचार तोळ्यांची हवी असेल तर ओली साडेपाच ते सहा तोळ्यांची धरावी लागते, एवढे लक्षात ठेवून पेराची लांबी एकदाच ठरवावी. नंतर दोन तळहातांमध्ये प्रथम वाटोळी व मग पुढेमागे फिरवून खारकेच्या आकाराची करावी आणि ओला अंगठा फिरवून अंग नितळ करावे. बोटाचा ठसा राहिला तरी ती गोळी हवेत भरकटते.

सुकविणे हे या कामातले सर्वांत कठीण काम, कारण त्यात काहीच करावयाचे नसते. पहिले तीन-चार दिवस सावलीत, गोणपाटावर किंवा राखेच्या थरावर, रोज कूस बदलून. नंतर एक दिवस उन्हात. उन्हात आधी ठेवली तर बाहेरचे अंग आवळते आणि आतले ओलेच राहते, आणि मग तेच बोंडाचे चित्र. वाळलेल्या दोन गोळ्या एकमेकींवर आपटल्या तर आवाज टणटणीत यावा; बद आवाज आला तर आत अजून ओल आहे.

एका मुद्द्यावर मात्र लेखकांशी माझा मतभेद आहे, आणि तो त्यांनी येथे नोंदण्याची मुभा दिली हा त्यांचा मनाचा मोठेपणा. गोळ्या गोवऱ्यांच्या आवात भाजाव्यात, म्हणजे त्या पावसात विरघळत नाहीत व पुन्हा पुन्हा वापरता येतात, असे ते म्हणतात. सुमारे सहाशे अंशांच्या वर माती भाजली की तिच्या घडणीतलेच पाणी निघून जाते आणि ती पुन्हा माती होत नाही, हे खरे आहे. परंतु हाच तिचा दोष नव्हे काय? तात्यांच्या गोण्यातल्या दोन वाट्यांचा अर्थ मला येथेच लागला. पिकात टाकलेला दगड पिकातच राहतो. पुढच्या नांगरटीला तो फाळाला लागतो, विळ्याला लागतो. कच्ची गोळी पडताच फुटते, उसळून कोणाच्या डोक्यात जात नाही, आणि पहिल्या पावसात ज्या मातीतून आली तिच्यात मिसळून जाते. राखणीसाठी कच्चीच गोळी असावी, आणि भाजलेली गोळी फक्त मोकळ्या मैदानात, पोत्याच्या निशाणावर नेम शिकण्यासाठी, असा माझा निवाडा आहे.

कच्ची झाली म्हणून गोळी निरुपद्रवी नव्हे, हे मी मुलांच्या पालकांना बजावून सांगू इच्छितो. गोफणीतून सुटलेली साडेचार तोळ्यांची गोळी माणसाच्या डोळ्याला कायमची इजा करू शकते. छिंदवाड्याकडील पांढुर्णा येथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या काठी होणाऱ्या गोटमार या दगडफेकीच्या जत्रेत प्रशासनाला गोफणीवर बंदी आणावी लागली, ती उगीच नव्हे. पक्ष्यांच्या बाबतीत तर हेतू स्पष्ट असला पाहिजे : पाखरू उठवावयाचे आहे, मारावयाचे नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बहुतेक पक्ष्यांची शिकार हा गुन्हा ठरविला आहेच; पण कायद्याच्या आधीपासून जाणते राखणदार थव्याच्या मागच्या बाजूस गोळी टाकीत, थव्यात नव्हे, कारण एक पाखरू मेल्याने थवा उठत नाही, आवाजाने उठतो. आणि ज्या भोरड्या जोंधळा खातात त्याच टोळ व किडेही फस्त करतात, हे राखणीच्या हिशेबात जमेच्या बाजूला मांडले पाहिजे.

आज माळे राहिले नाहीत, जोंधळ्याच्या जागी ऊस आला, आणि जेथे जोंधळा आहे तेथे फडफडणाऱ्या चकचकीत फिती व फटाक्यांचे आवाज आले. गोफण विणणारे हात थोडे उरले आहेत. अशा वेळी हे पुस्तक शेतकऱ्यांपेक्षा शाळांतील मुलांच्या हाती अधिक पडेल, असा माझा अंदाज आहे, आणि त्यात वाईट काही नाही. मातीचा स्वभाव, वजनाचे माप आणि स्वतःच्या हाताची चूक या तीन गोष्टी एकाच खेळात शिकविणारा धडा मला दुसरा माहीत नाही.

वाचकांना एकच विनंती. पुस्तक वाचून झाले की लगेच गोफण शोधावयास निघू नका. अंगणातली माती आणा, वेळूचे पेर कापा, वीस गोळ्या वळा आणि त्या सावलीत ठेवून चार दिवस थांबा.